कॅमेऱ्याकडचा माणूस

लग्नात फोटोग्राफरच्या मागे गर्दी असतेच. मोबाईल उंच धरलेल्या आत्या, मध्येच घुसणारे मामा, आणि "आमचा एक फॅमिलीचा काढा ना" म्हणत खांद्यावर टकटक करणारी मंडळी. पण आमच्या उज्जैनमध्ये कितीतरी वर्षं या गर्दीत एक साठीचे गृहस्थ हमखास दिसायचे. पांढरा हाफ शर्ट, खिशात दोन पेनं आणि एक मऊ ब्रश, मान डावीकडे कललेली, डोळे मिटलेले. स्टेजवर वरमाला चाललीय की मुलीची पाठवणी, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसायचं. ते कॅमेऱ्याचा आवाज ऐकत असायचे. एकदा मुलीच्या मामांना शंका आली. त्यांनी जवळ जाऊन दरडावून विचारलं, "आप किसकी तरफ से?" यांनी डोळे न उघडता सांगितलं, "कैमरे की तरफ से." मामा बिचारे पाणी आणायला गेले. पाणी तेवढं यांनी घेतलं. जेवायचे मात्र कुठेच नाहीत. दाल-बाफल्यांची पंगत मांडलेली असली तरी म्हणायचे, "मी मुलाकडचा नाही, मुलीकडचा नाही. कॅमेरा जेवत नाही, मीही जेवत नाही."

त्यांचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर त्यांना आवडणार नाही, आणि त्यांना आवडलं नाही की ते तोंडावर सांगतात. आम्ही त्यांना काका म्हणायचो. हिंदीवाले फोटोग्राफरही काकाच म्हणायचे.

काका कॅमेरे दुरुस्त करायचे. त्यांचे वडील रेल्वेच्या नोकरीत खानदेशातून इकडे आले आणि इथलेच झाले. काकांनी आधी इंदूरला एका सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरी केली. तिथल्या साहेबाशी त्यांचं फाटलं, कारण साहेबाचं म्हणणं, भाग बिघडला की अख्खा बदलून टाका. काकांचं म्हणणं, बदलतो तो दुकानदार, मी कारागीर आहे. राजीनामा देऊन ते उज्जैनला परत आले आणि देवास गेटला, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, एका मिठाईवाल्याच्या वरच्या मजल्यावर त्यांनी खोली घेतली. खालून तुपाचा वास यायचा आणि वर काका बसलेले असायचे. चपला जिन्यातच काढायच्या. पंखा नव्हता. म्हणजे होता, पण लावायचा नाही, धूळ उडते. मे महिन्यात तिथे बसणं म्हणजे शिक्षाच. घाम पुसत "काका, जरा पंखा..." म्हटलं की उत्तर ठरलेलं. "तुला गार वाटेल. त्याच्या पोटात जाईल त्याचं काय?" त्याच्या म्हणजे कॅमेऱ्याच्या.

कॅमेरा उघडला की बारीक स्क्रू ते जुन्या कॅलेंडरच्या पानावर मांडायचे. पहिला काढलेला एक तारखेच्या चौकोनात, दुसरा दोन तारखेच्या. एकतीसच्या पुढे गेले की दुसरा महिना घ्यायचे. स्क्रू बाहेर असताना खोलीत कुणी बोलायचं नाही, हसायचं नाही, शिंकायचं तर अजिबात नाही. शिंक आली तर जिन्यात जाऊन शिंकून यायचं. मी स्वतः दोनदा गेलेय.

काय बिघडलंय हे सांगायला लागलात की ते हाताने थांबवायचे. "शेवटचे फोटो दाखव." फोटो बघून ते सांगायचे काय झालंय ते, आणि कसं झालंय तेही. इथे भस्म आहे, गुलाल आहे, हळद आहे, सिंहस्थात तर अख्ख्या देशाच्या पायांची धूळ आहे. त्यातलं काय आत गेलंय ते काका काडीला कापूस लावून, भिंगाखाली धरून सांगायचे. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, संपली की दुसऱ्या दिवशी त्यांच्या जिन्यात फोटोग्राफरांची रांग लागायची. सगळ्यांचे चेहरे अजून हिरवे-जांभळे, आणि सगळे एकाच सुरात म्हणणार, "काका, पता नहीं कैसे हो गया."

काकांचा सगळ्यांना धाक होता तो त्यांच्या चिठ्ठीमुळे. दुरुस्त झालेल्या कॅमेऱ्याला ते पांढऱ्या दोऱ्याने एक चिठ्ठी बांधायचे. तिच्यावर तीन गोष्टी लिहिलेल्या असायच्या. काय झालं, काय केलं, आणि दोष कोणाचा. "गुलाल गेला. काढला. दोष मालकाचा." "लेन्स लाडवाच्या डब्याशेजारी ठेवली. तूप पुसलं. दोष मालकाचा." हिंदीवाल्यांनाही मराठीतच लिहून द्यायचे. त्या बिचाऱ्यांनी "मालकाचा" हा शब्द बघूनच ओळखायला शिकून घेतलं. एकाला एकदाच "दोष कॅमेऱ्याचा" अशी चिठ्ठी मिळाली. त्याने ती लॅमिनेट करून स्टुडिओत देवाच्या तसबिरीखाली लावली, आणि दिवाळीत तिलाही हार घातला.

राम घाटावर यात्रेकरूंचे फोटो काढणारा एक जण होता. तो एकदा कॅमेरा घेऊन आला. बटण दाबलं तरी ढिम्म. "छींटे लगे हैं काका, बस थोड़े से." काकांनी कॅमेरा उघडला. कॅलेंडरवर पंधरा-सोळा तारखेपर्यंत स्क्रू गेले. मग त्यांनी चिमट्याने आतून झेंडूची एक पाकळी काढली, पांढऱ्या कागदावर ठेवली आणि कागद त्याच्यापुढे सरकवला. त्याने पाकळी बोटाने उलटून बघितली. मग म्हणाला, "हवा से आ गई होगी." चिठ्ठी मिळाली ती अशी: "कॅमेऱ्याने शिप्रेत स्नान केले. वाळवला. दोष मालकाचा. खोटं बोलल्याचा दोषही मालकाचाच." त्या माणसाने ती चिठ्ठी माझ्याकडून वाचून घेतली, काकांना मनातल्या मनात शिव्या घातल्या, आणि नंतर काका इथे होते तोवर दुसऱ्या कुणाकडे गेला नाही.

काम दिलं आणि संपलं, असं काकांकडे नव्हतं. दुरुस्त केलेला कॅमेरा पहिल्यांदा ज्या लग्नाला जाई त्या लग्नाला तेही जात. आवाज ऐकायला. बरोबर वाटला तर न बोलता निघून जायचे. नाही वाटला तर फोटोग्राफरच्या कानात म्हणायचे, "उद्या घेऊन ये." बास. आता ते नागपूरला पुतण्याकडे राहतात, पण सवय सुटलेली नाही. रविवारी फोन येतो. मी कशी आहे हे ते विचारत नाहीत. म्हणतात, "जवळ धर आणि दाब." मी फोन कॅमेऱ्याजवळ धरते, बटण दाबते. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, "हं. बरा आहे." फोन बंद.

आमच्या बाबांची आणि त्यांची मैत्री तीसेक वर्षांची. बाबा लग्नांचे फोटोग्राफर. बीकॉम झाल्यावर नोकरी शोधायच्या ऐवजी मीही त्यांच्याच हाताखाली लागले. बाबा काकांच्या खोलीत तासभर बसायचे, काका काम करायचे, आणि दोघं एक शब्द बोलायचे नाहीत. परत येताना बाबा खूश. मी विचारायचे, "काय गप्पा झाल्या?" तर म्हणायचे, "खूप."

एका साखरपुड्याचे फोटो कॉम्प्युटरवर बघताना मला पहिल्यांदा ते दिसलं. बाबांनी काढलेले निम्मे फोटो हललेले होते. बाबांचे. ज्यांनी चालत्या टांग्यातून वरातीचे फोटो काढलेत आणि घोड्याच्या कपाळावरचा गोंडासुद्धा स्वच्छ आलाय. पुढच्या कार्यक्रमाला मी त्यांच्या हाताकडे बघितलं. उजवा हात कॅमेऱ्याखाली बारीक थरथरत होता. बाबा मला म्हणाले, "कॅमेऱ्याला काहीतरी झालंय." मी म्हटलं, "हो, वाटतंय खरं."

आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, त्यामुळे हे बोलायचं तर कुणाशी, हाही प्रश्नच होता. आणि महिन्यावर एक लग्न आलेलं. मुलीच्या आईवडिलांच्या लग्नाचे फोटो बाबांनीच काढले होते, धंद्यातलं त्यांचं पहिलं लग्न. आता त्यांच्या मुलीचं. मुलीच्या आईने घरी येऊन सांगितलं, "भाऊ, फोटो तुम्हीच काढायचे. दुसऱ्या कुणी नाही." बाबांनी शब्द दिला. अंतरपाट काही पुन्हा धरत नाहीत. तिथे फोटो हलला तर हलला. लोकांसमोर बाबांची फजिती होईल, आणि त्यांना त्याच वेळी कळेल की कॅमेरा ठीक आहे, बिघडलाय तो हात. मला ते नको होतं. काय वाट्टेल ते झालं तरी ते तसं कळायला नको होतं.

म्हणून मी काकांकडे गेले, आणि स्क्रू बाहेर असतानाच नियम मोडून बोलायला लागले. म्हटलं, "काका, बाबा कॅमेरा घेऊन येतील. त्यांना सांगा की तो गेला. आता दुरुस्त होणार नाही. नवीन त्यांना शिकायचा नाहीये, ते आपोआप थांबतील. लग्न मी करते."

काकांनी हात पुढे केला. "फोटो दाखव."

मी मोबाईलवर दाखवले. त्यांनी एक मोठा करून बघितला, मग दुसरा. "रेघा दुहेरी आल्यात. सगळ्या एकाच दिशेला. हात आहे हा," ते म्हणाले.

"माहितीये मला."

"मग जिवंत कॅमेऱ्याला मेला म्हणू मी?"

"एकदा म्हणा ना. एकदाच."

"नाही म्हणणार."

मला रडायला आलं. त्यांच्यासमोर कॅलेंडरवर स्क्रू मांडलेले होते, बहुधा आठ-नऊ तारखेपर्यंत. त्यांनी माझ्याकडे बघितलं, स्क्रूंकडे बघितलं आणि म्हणाले, "जिन्यात जा बेटा. रडून झालं की ये." इतका राग आला मला. मी जिन्यात जाऊन रडले, खाली मिठाईवाला "क्या हुआ बेन?" विचारायला लागला, तशी परत वर न जाता सरळ घरी आले.

दोन दिवसांनी बाबा कॅमेरा घेऊन त्यांच्याकडे गेले. मी घरी देवासमोर बसल्यासारखी बसून होते. काका स्पष्ट सांगतील की हात तुमचा आहे, आणि बाबा तुटलेला चेहरा घेऊन परत येतील, असं मला वाटत होतं. बाबा त्या दिवशी कॅमेरा तिथेच ठेवून आले, आणि चौथ्या दिवशी तो घेऊन आले ते शीळ घालत. चिठ्ठी माझ्या नाकासमोर धरली. "लेन्स बसते ती रिंग ढिली. घट्ट केली. दोष कॅमेऱ्याचा."

"बघ," बाबा म्हणाले. "सांगत होतो ना मी."

चिठ्ठी त्यांनी फ्रिजवर चिकटवली. मी हसले, पण आतून नुसती पेटले होते. म्हणजे खोटं बोलता येतं यांना. फक्त मी मागितलं ते नाही. एवढे राजा हरिश्चंद्र बनून बसतात आणि मित्र समोर आला की पाघळले. आता बाबा त्या लग्नात छाती काढून उभे राहणार आणि तोंडावर पडणार. मी काकांकडे जाणं बंद केलं. माझ्या कॅमेऱ्याची पट्टी तुटली तर मी ती घरीच शिवली.

लग्न नानाखेड्याच्या बाजूला एका मॅरेज गार्डनमध्ये होतं, सकाळचा मुहूर्त. बाबांनी इस्त्रीचा कुर्ता घातलेला. मी दुसरा कॅमेरा घेऊन त्यांच्या डाव्या बाजूला. ठरवलं होतं, ते जे जे काढतील ते सगळं मीही काढायचं, म्हणजे त्यांचे हलले तर माझे असतील. काका आलेच. पांढरा शर्ट, मान कललेली. मी नमस्कारसुद्धा केला नाही.

बाबांच्या कॅमेऱ्याची गळ्यातली पट्टी आखूड झालेली मला तेव्हा दिसली. इतकी आखूड की डोळ्याला लावल्यावर ती मानेवर ताणून बसे आणि कॅमेरा हलायला जागाच उरत नसे. कोपर पोटाशी दाबून, पट्टी ताणायला मान एका बाजूला कलवून बाबा उभे होते. त्यांच्या मागे, अगदी पाठीला पाठ लावून, काका उभे. लोकांना वाटलं गर्दीमुळे. मंगलाष्टकं सुरू झाली. शेवटचं सावधान झालं, अंतरपाट खाली आला, अक्षता उडाल्या, वाजंत्री सुरू झाली.

आणि मी बटण दाबलंच नाही. मी बाबांच्या हाताकडे बघत होते.

शंभर लग्नं केलीत मी. नवखं पोरही असं करत नाही. भानावर आले तोवर हार घालून झाले होते आणि नवरीचा भाऊ मध्ये येऊन उभा होता. त्या क्षणाचा आमच्याकडे एकच फोटो होता, तो बाबांच्या कॅमेऱ्यात. संध्याकाळी कॉम्प्युटरवर मी आधी तोच उघडला. फोटो स्वच्छ होता. अक्षतांचा दाणा न दाणा हवेत, नवरीची नजर नुकती वर उचललेली, नाकातल्या नथीचे मोती मोजून घ्यावेत असे. फक्त वाकडा होता. मागचे मांडवाचे खांब तिरके. बाबांनी जन्मात वाकडा फोटो काढला नव्हता. मी सरळ करायला गेले तर म्हणाले, "राहू दे. तसाच दे." मुलीच्या आईने तोच मोठा करून मागितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी कॅमेरा पुसला, बॅगेत ठेवला आणि बॅग माझ्या टेबलावर आणून ठेवली. "आता तू," म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "डॉक्टरची वेळ घे माझ्यासाठी. हाताचं दाखवायचंय."

त्याच दुपारी मी काकांचा जिना चढले. चपला काढल्या. समोर कॅलेंडर रिकामं होतं, म्हणजे बोलायला हरकत नव्हती. मी विचारलं, "बाबांना माहीत होतं?"

"त्यांना माहीत नसेल? तीस वर्षं त्या हाताने काम केलंय."

मग काकांनी सांगितलं. बाबा कॅमेरा घेऊन आले ते हेच सांगत आले की यार, कॅमेऱ्याला काही नाही, मला माहितीये. पण माझ्या पोरीला सांगा की कॅमेऱ्यात दोष होता. ती घाबरलीये. चहाचा कप माझ्या हातात देताना अर्धाच भरते, आणि मला कळत नाही असं समजते. शब्द दिलाय तेवढं एक लग्न करू दे, मग मी आपणहून थांबतो. तोवर तिला सुखाने झोपू दे.

मला वाटत होतं मी बाबांना सांभाळतेय.

काका म्हणाले, "तुम्ही दोघांनी दोन दिवसांत येऊन माझ्याकडे दोन वेगवेगळी खोटी मागितलीत. मी काय करू?"

"त्यांचं लिहिलंत ना."

"खोटं नाही लिहिलं," काका चिडून म्हणाले. "शटर वेगात चालेल असं लावून दिलं, हात हलायच्या आत फोटो निघून जावा म्हणून. पट्टी आखूड केली. पण यातला दोष कॅमेऱ्याचा कुठे आहे? मग चिठ्ठीवर काय लिहू? म्हणून आधी रिंगचे स्क्रू ढिले करायचं ठरलं. मग फोटो काढून बघितला, एका बाजूने मऊ, धुरकट आला. रिंग ढिली. घट्ट केली. मग लिहिलं. त्यात खोटं काय आहे सांग."

मला हसू आवरेना आणि डोळ्यांतून पाणीही थांबेना. असा माणूस कुठे बघितलाय का? खोटं बोलायला नको म्हणून चांगला कॅमेरा आधी बिघडवणारा.

"तुम्ही बिघडवलात, काका? तुम्ही?"

काकांनी टेबलावरचा ब्रश उचलून त्याचे केस सारखे केले.

"माझा हात नाही उठला," ते म्हणाले. "आयुष्यभर स्क्रू कसतच आलोय, ढिलं करायला हात उठेना. तुझ्या बाबांनी केले. माझ्याकडून स्क्रूड्रायव्हर घेतला आणि केले. तीनदा निसटला त्यांच्या हातातून. मी धरायला गेलो तर नको म्हणाले."

"म्हणजे दोष मालकाचाच झाला."

"हो," काका म्हणाले. "तेवढा एक शब्द मी खोटा लिहिला."

घरी आले तेव्हा बाबा गॅलरीत पेपर वाचत होते. मी आत जाऊन बॅग उघडली, कॅमेऱ्याची लेन्स काढली आणि रिंग उजेडात धरली. स्क्रूंच्या कडेला चकचकीत धातूवर तीन ओरखडे होते. दोन बारीक, एक खोल, लांबपर्यंत गेलेला. मी त्यांच्यावरून बोट फिरवत होते तेवढ्यात बाबा दारात आले.

"काय झालं? काय बघतेस?"

"काही नाही," मी म्हटलं. "धूळ होती थोडी."